पहिल्या आठवड्याचे यश मोजू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बागेत शिरणारी मांजरे, कुत्री, ससे, हरणे यांना हुसकावणाऱ्या ‘स्मार्ट’ यंत्रांबद्दल आपल्या बागकामाच्या पानावर सल्ले येत असतात. बहुतेकांचा सूर एकच असतो: यंत्र लावले आणि दुसऱ्या दिवसापासून वाफ्यात पाऊल उमटले नाही. हे खरेही असते, कारण ओळखीच्या वाटेवर नवी वस्तू दिसली की कोणतेही जनावर चार दिवस बिचकते. उलटी बादली ठेवली तरी बिचकते. पुढे ते सरावते, रोपे पुन्हा उकरलेली दिसतात आणि यंत्र अडगळीत जाते. बागेतल्या स्वयंचलनाची जोडणी आणि दुरुस्ती करणारे आम्ही काही वाचक आहोत. अशी यंत्रणा नीट बसवली तर महिनोन्‌महिने टिकते, हे आम्हाला ठामपणे सांगायचे आहे. पण जनावर नेमक्या जागी ओळखले जाते का, आणि ओळखल्यापासून एका सेकंदात त्याच्या अंगावर पाणी पडते का, या दोन प्रश्नांवर तिचे सगळे गणित उभे आहे.

आधी कुंपण. स्वयंचलन कुंपणाची जागा घेत नाही, पण कुंपण स्वयंचलनाचे काम दहापट सोपे करते. सगळ्या बाजूंनी उघड्या बागेवर पहारा ठेवायचा तर आठ-दहा सेन्सर लागतात आणि त्यातला एक ना एक रोज खोटी हाक देतो. त्याऐवजी जाळी लावावी, उकरणाऱ्या जनावरांसाठी ती जमिनीत ३० सेंटिमीटर गाडून खालचे टोक बाहेरच्या बाजूला वळवावे, आणि पूर्वीची रुळलेली एक वाट मुद्दाम मोकळी ठेवावी. जनावर आपली जुनी वाट सोडायला नाखूश असते. ते तिथूनच येणार हे ठरले, की सगळी यंत्रणा त्या हातभर फटीवर एकवटता येते.

कर्णातीत आवाजाच्या डब्यांवर आमचा फारसा विश्वास नाही. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला ४५ पर्यंत, मांजराला ६० च्याही पुढे. इथवर तर्क बरोबर आहे. पण इतक्या उंच पट्टीचा आवाज हवेत झपाट्याने विरतो, एकाच दिशेने जातो आणि मधे पानांचा पडदा आला की अडतो. मांजरांवर थोडाफार परिणाम होतो, पण एकटा तो डबा बाग राखत नाही. शिवाय काही डबे १७-१८ किलोहर्ट्झच्या आसपास वाजतात. तो आवाज मोठ्यांना कळत नाही, लहान मुलांना मात्र चांगलाच टोचतो. लुकलुकणाऱ्या दिव्यांचा परिणाम तर आठवडाभरच टिकतो. पाणी वेगळे आहे, कारण ते अंगाला लागते.

आता ओळखण्याविषयी, कारण निम्म्याहून अधिक यंत्रणा इथेच फसतात.

हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर तापमान मोजत नाही. त्याच्या आत शेजारी-शेजारी दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर पडणाऱ्या उष्णतेच्या किरणांत फरक पडला की तो हाक देतो. म्हणून त्याच्यासमोरून आडवे जाणारे जनावर चटकन टिपले जाते, सरळ त्याच्या रोखाने चालत येणारे उशिरा. फटीच्या समोर, तिच्याकडे तोंड करून सेन्सर बसवणे ही नेहमीची चूक आहे. तो वाटेच्या कडेला, वाटेशी काटकोनात हवा. दुपारच्या कडक उन्हात हवा आणि जनावराचे बाह्यांग यांच्या तापमानात फरकच उरत नाही, मग तो जवळजवळ आंधळा होतो. दाट केसांच्या जनावराबाबत हे आणखी लवकर घडते, कारण कातडी गरम असली तरी केसांचा बाहेरचा थर हवेइतकाच असतो. रात्री मात्र तो उत्तम चालतो. पावसापासून वाचवायला म्हणून कोणी तो काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या झाकणाआड ठेवतात. ही उष्णतेची किरणे काचेतून आणि ॲक्रिलिकमधून जातच नाहीत. सेन्सरचा प्लॅस्टिकचा घुमट डब्याबाहेरच हवा, वर फक्त छोटी छपरी. ऊनही त्या छपरीमुळेच टळते; नाहीतर घुमटाचे प्लॅस्टिक हळूहळू ठिसूळ होते.

पांढऱ्या घुमटाचा एचसी-एसआर ५०१ हा पीआयआर सेन्सर सर्रास वापरला जातो. त्याला ५ व्होल्ट द्यावेत. बाहेर येणारा संकेत ३.३ व्होल्टचा असतो, म्हणून तो ईएसपी-३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या नियंत्रक बोर्डाला थेट जोडता येतो. त्याच्या पाठीवर दोन फिरकी स्क्रू असतात. अंतराचा स्क्रू ३ ते ७ मीटरच्या टप्प्यात फिरतो, तो ३ च्या बाजूला ठेवावा. वेळेचा स्क्रू किमान, म्हणजे सुमारे ३ सेकंदांवर. संकेत संपल्यावर हा सेन्सर आणखी अडीच सेकंद काहीच पाहत नाही, आणि वीज दिल्यावर पहिला मिनिटभर मनाला येईल तशा हाका देतो. तेवढा काळ प्रोग्रॅममध्येच दुर्लक्षित करावा. नाहीतर वीज जाऊन आली की कारण नसताना फवारा उडतो, आणि नेमके त्या वेळी घरातले कोणीतरी बागेत उभे असते.

त्याची सर्वांत चकवणारी खोड वेगळीच आहे. वाय-फायचा अँटेना अगदी जवळ असला की हा सेन्सर त्या लहरींनीच दचकतो. एकाच छोट्या डब्यात दोन्ही बसवले की साधारण ठरावीक अंतराने खोट्या हाका येऊ लागतात आणि लोक सेन्सर बदलत बसतात. बदलायचा सेन्सर नसतो, त्याची जागा बदलायची असते: अर्धा मीटर तार वाढवून तो डब्यापासून लांब न्यावा आणि ईएसपीची प्रक्षेपण-शक्ती प्रोग्रॅममधून कमी करावी. सूक्ष्मलहरींचे आरसीडब्ल्यूएल-०५१६ सारखे स्वस्त रडार सेन्सर याला पर्याय म्हणून सुचवले जातात. ते प्लॅस्टिकमधून पाहतात हा गुण आहे, पण हलणारे पान आणि पडणारा थेंबही पाहतात. झाडांच्या गर्दीत ते निरुपयोगी.

माणूस आणि जनावर यांतला फरक ओळखायला कॅमेराच लागतो असे नाही. दोन पीआयआर पुरतात. एक जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, घुमटाचा वरचा अर्धा भाग काळ्या चिकटपट्टीने झाकलेला, म्हणजे तो समोर आणि खालीच पाहील. दुसरा १२० सेंटिमीटरवर, घुमटाचा खालचा अर्धा भाग झाकलेला, म्हणजे तो समोर आणि वरच पाहील. खालच्याने हाक दिली आणि वरचा गप्प राहिला तर मांजर, ससा किंवा कुत्रा. दोघांनी हाक दिली तर माणूस, पाणी नाही. ही युक्ती दोन ठिकाणी चुकते, ते आधीच माहीत असलेले बरे. रांगणारे मूल तिला मांजरच वाटते, आणि मान उंच असलेले हरीण तिला माणूस वाटते. मुलांसाठी फाटकाला चुंबकी खटका लावावा. फाटक उघडले की यंत्रणा दहा मिनिटे गप्प बसते. फाटक न उघडताही मूल घरातून बागेत येत असेल तर त्या दारालाही तोच खटका हवा. हरणे येत असतील तर वरचा सेन्सर काढून टाकून फक्त रात्रीची वेळ नेमावी. घरचा कुत्रा बागेत फिरत असेल तर त्याच्या पट्ट्यातला ब्लूटूथ टॅग ईएसपी-३२ ला जवळपास असल्याचे कळते, तेवढ्यावर पाणी रोखता येते.

पाण्याची बाजू साधी वाटते, पण लोक इथेही फसतात. बाजारात सहज मिळणारा अर्ध्या इंचाचा १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या वेटोळीने उघडणारी झडप) आतल्या पडद्याच्या बळावर चालतो आणि त्यासाठी पाण्याला किमान ०.२ बार दाब लागतो. उंचावरची टाकी दर १० मीटरला साधारण १ बार दाब देते. टाकी ४ मीटर उंच असेल तर ०.४ बार, म्हणजे व्हॉल्व्ह उघडेल, पण ठकठक फिरणारा स्प्रिंकलर चालणार नाही. त्याला दीड-दोन बार तरी हवेत. अशा ठिकाणी दाबाचा खटका असलेला १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप लावावा. विजेवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह कमी दाबावर चालतो हे खरे, पण तो उघडायलाच कित्येक सेकंद घेतो. तोवर मांजर वाफ्यात पोहोचलेले असते.

व्हॉल्व्ह कुठे बसवायचा याचे उत्तर एकच आहे, नोझलला चिकटून. पुष्कळ जण तो सोयीसाठी नळापाशी लावतात. मग फवारा थांबल्यावर पुढच्या नळीतले पाणी ओघळून जाते आणि तिच्यात हवा भरते. १२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या १० मीटर नळीत १.१ लिटर पाणी मावते. मिनिटाला १० लिटर प्रवाह असेल तर ती पुन्हा भरायलाच साडेसहा सेकंद जातात. तेवढ्या वेळात नोझलमधून फक्त फुसफुस होते, जनावर कान टवकारते आणि निवांत पुढे जाते. व्हॉल्व्ह नोझलपाशी असला की नळी कायम भरलेली राहते आणि पाणी तत्क्षणी उडते. अर्थात भरलेली नळी उन्हात पडली, विशेषतः काळी असली, तर आतले पाणी भाजण्याइतके तापू शकते. ती मातीत गाडावी किंवा पाल्याखाली झाकावी. जिथे पाणी गोठते तिथे हिवाळ्यापूर्वी सगळी नळी रिकामी करावी.

व्हॉल्व्हच्या आधी गाळणी हवीच. वाळूचा एक कण पडद्याखाली अडकला तरी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि रात्रभर पाणी वाहते. प्रवाह मोजणारा वायएफ-एस २०१ सेन्सर लिटरमागे सुमारे ४५० ठोके देतो. व्हॉल्व्ह बंद असताना ठोके येत राहिले तर फोनवर सूचना यावी एवढे करून ठेवावे. थेंब-थेंब गळती मात्र त्याला कळत नाही. मिनिटाला लिटरभर पाणी वाहिल्याशिवाय तो भरवशाने फिरत नाही. म्हणून गाळणी दर महिन्याला उघडून धुण्याला पर्याय नाही.

नोझलचा रोख वाफ्यावर नको, प्रवेशाच्या फटीवर हवा. जनावराला ‘इथे पाय ठेवला की भिजतो’ हे कळायला हवे. वाफ्यात पोहोचल्यावर भिजवले तर ते घाबरून सैरावैरा पळते आणि जास्त रोपे तुडवते. फवारा पसरट असावा, सरळ जोरदार धार नको. डोळ्याला इजा करणे हा हेतूच नाही. पाच-सहा सेकंद पुरेत. वरच्या प्रवाहाने एका वेळी लिटरभर पाणी लागते.

विजेच्या जोडणीत तीन-चार चुका पुन्हा पुन्हा दिसतात. सोलेनॉइडची वेटोळी बंद होताना उलटा झटका देते, तो शोषायला तिच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड लावावा, पट्टी असलेली बाजू धन तारेकडे. तो विसरला तर ईएसपी मधेच पुन्हा सुरू होते किंवा मॉसफेट, म्हणजे व्हॉल्व्हची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक खटका, जळतो. (२४ व्होल्ट एसीवर चालणाऱ्या सिंचन व्हॉल्व्हला हा डायोड कधीही लावू नये.) आयआरएफ ५२० या मॉसफेटचे तयार मॉड्यूल ३.३ व्होल्टच्या संकेतावर पूर्ण उघडत नाही. व्हॉल्व्ह अर्धवट थरथरतो आणि मॉसफेट तापतो. आयआरएलझेड ४४एन सारखा कमी व्होल्टला उघडणारा घ्यावा आणि त्याच्या गेटपासून (संकेत घेणाऱ्या पायापासून) ऋण तारेपर्यंत १० किलोओहमचा रोधक टाकावा, म्हणजे ईएसपी सुरू होत असताना पाणी उडणार नाही. व्हॉल्व्ह ईएसपी-३२ च्या जीपीआयओ १२ या पिनवर जोडू नये. सुरू होताना त्या पिनवर व्होल्टेज असेल तर बोर्ड उठतच नाही. २५, २६, २७ बिनधोक.

तारेच्या जाडीचाही हिशोब करावा. २० मीटर अंतरावर, ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या जोडतारेत जाऊन-येऊन १.४ ओहम रोध होतो. अर्ध्या अँपिअरच्या व्हॉल्व्हला ०.७ व्होल्टची घट चालते. २ अँपिअरच्या पंपाला मात्र २.८ व्होल्ट वाटेतच गेलेले परवडत नाहीत, तिथे १.५ चौरस मिलिमीटरची तार हवी. डबा आयपी ६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याची धार आत न घेणारा, तारांची भोके खालच्या बाजूला, आणि प्रत्येक तार आत शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन वर घेतलेली, म्हणजे पाणी झोळावरून टपकते. मुंग्यांना ऊबदार डबे फार आवडतात. भोकाभोवतीची बारीकशी फटही बुजवावी.

निर्णय बागेतच व्हायला हवा. सेन्सरची हाक वाय-फायवरून दूरच्या सर्व्हरला जाणार, तिथून हुकूम येणार आणि मग व्हॉल्व्ह उघडणार, या फेऱ्यात दोन ते चार सेकंद सहज जातात. ईएसपीहोम ही ईएसपीसाठीची तयार प्रणाली वापरली तर सगळा नियम ईएसपीच्या आतच बसतो: खालचा हो, वरचा नाही, फाटक बंद, गेल्या ४० सेकंदांत फवारा उडालेला नाही, तरच व्हॉल्व्ह उघड, आणि सहा सेकंदांनी बंद कर. होम असिस्टंट या घरातल्या मध्यवर्ती नियंत्रण-प्रणालीकडे फक्त नोंद आणि सूचना जाव्यात. ईएसपीहोमची एक मूळ ठेवण इथे नडते. वाय-फाय किंवा होम असिस्टंट १५ मिनिटे सापडले नाही तर ते स्वतःला पुन्हा सुरू करते, आणि सापडेपर्यंत दर १५ मिनिटांनी करत राहते. दोन्ही ठिकाणची ही मुदत शून्य करावी. व्हॉल्व्हची सुरुवातीची स्थिती ‘नेहमी बंद’ अशीच लिहावी. ओल्या पानांतून २.४ गिगाहर्ट्झची लहर बरीच अडते, त्यामुळे कोरड्या दिवशी उत्तम चाललेली जोडणी पावसात तुटते. तुटली तरी फवारा उडायलाच हवा, हीच बागेत निर्णय घेण्यामागची खरी गरज आहे.

कॅमेऱ्याच्या ओळखीवर ज्यांचा भर आहे त्यांच्यासाठी एक वस्तुस्थिती. कॅमेऱ्याच्या चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या फ्रिगेटसारख्या प्रणालीतली बहुतेक तयार मॉडेल्स कोको या चित्रसंचावर शिकवलेली असतात. त्यात ८० प्रकारच्या वस्तू आहेत आणि त्यांपैकी प्राणी फक्त १०: पक्षी, मांजर, कुत्रा, घोडा, मेंढी, गाय, हत्ती, अस्वल, झेब्रा आणि जिराफ. ससा नाही, हरीण नाही, डुक्कर नाही, माकड नाही, साळिंदर नाही. रानडुक्कर समोर आले की मॉडेल त्याला कधी कुत्रा म्हणते, कधी गाय, कधी अस्वल, आणि कधी काहीच म्हणत नाही. म्हणून नियम नावावर बांधू नये. ‘माणूस सोडून कोणताही प्राणी’ असा बांधावा. रात्रीची आणखी एक कटकट म्हणजे कोळी. कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यांजवळ किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळे विणतो. प्रकाशात ते जाळे झगझगते आणि वाऱ्याने हलले की रात्रभर हाका. कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे बंद करून वेगळा अवरक्त दिवा दोन-तीन हातांवर लावला की हा त्रास जवळजवळ संपतो.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. स्मार्ट प्लग किंवा रिले वापरून घरातली वीज कुंपणाच्या तारेत सोडण्याचा विचारही करू नये. त्याने माणसे मरतात. विद्युत कुंपणाचे खास यंत्र सेकंदाला साधारण एक, अत्यंत अल्पकाळाचा झटका देते आणि मधल्या वेळात तार सोडवून घ्यायला सवड मिळते; घरातला प्रवाह अशी सवड देत नाही. बागेत १२ व्होल्टच न्यावेत, आणि त्यांचा पुरवठा ज्या जोडणीवरून येतो तिला ३० मिलिअँपिअरचा वीजगळती-रोधक असावा.

सरावण्यावर उपाय म्हणजे अनिश्चितता. दोन किंवा तीन नोझल लावून दर वेळी त्यांतले कोणतेही एक उडवावे, कालावधी ३ ते ८ सेकंदांत बदलता ठेवावा. हाक आणि पाणी यांतल्या वेळेत मात्र बदल नको. उशीर केला की जनावराला त्या जागेचा आणि भिजण्याचा संबंध लागत नाही. माकडांपुढे हे सगळे तोकडे पडते. ती वरून येतात, तारा ओढतात, नोझल फिरवतात. तिथे जाळीचे छतच हवे. आणि बागेत एखादी मांजर व्यालेली असेल तर पिले बाहेर पडेपर्यंत ती फट बंद ठेवू नये आणि पाणीही उडवू नये. आईला आत येऊ द्यावे.

आता मूळ मुद्दा, पहिल्या आठवड्याचा. यंत्रणेची स्वतःची नोंद तिच्या चुका दाखवू शकत नाही. सेन्सरने जनावर पाहिलेच नाही तर नोंदीत शांतता दिसते आणि आपण ती यश समजतो. यासाठी फटीच्या आतल्या बाजूला अर्धा मीटर रुंद, दोन बोटे जाडीचा बारीक वाळूचा पट्टा पसरावा. संध्याकाळी त्यावर किंचित पाणी शिंपडून फळीने तो सपाट करावा. सकाळी त्यावर पावले वाचता येतात: मांजराच्या गोल ठशात नखे दिसत नाहीत, कुत्र्याच्या ठशात दिसतात, सशाच्या मागच्या पायांचे लांबट ठसे पुढच्यांच्याही पुढे पडलेले असतात. आत जाणारे ठसे किती आणि बाहेर परतणारे किती हे वहीत लिहावे, शेजारी त्या रात्री फवारा किती वेळा उडाला ते. ठसे आहेत आणि फवारा नाही, तर सेन्सर चुकतो आहे. फवारा आहे आणि ठसे आत गेलेले आहेत, तर पाणी उशिरा पडते आहे किंवा जनावर सरावले आहे. फवारा आहे आणि पट्टा कोरा आहे, अशा रात्री आधी खोटी हाक समजावी आणि फटीच्या बाहेरच्या मातीत पावले सापडली तरच यश मानावे.

आपल्या पानावर अशा यंत्रांची परीक्षणे यापुढे छापताना वाळूच्या पट्ट्यावरची किमान सहा आठवड्यांची नोंद मागावी, अशी विनंती आहे. त्यातला एक आठवडा यंत्रणा मुद्दाम बंद ठेवलेला असावा आणि त्या आठवड्याचे ठसेही सोबत छापावेत.

आपले,
बागेतल्या स्वयंचलनाचे काम करणारे काही वाचक